लाल चकतीचा चहा

३ फेब्रुवारी, सोमवार

खुर्ची मिळाली. एक चाक मोडकं आहे, पण खुर्ची ती खुर्ची.

नऊ मजल्यांचं रुग्णालय, खाली तळघर. आजवर मी जे काही बांधलं ते याच्यापुढे पोरखेळ. साइटच्या आधीच्या साहेबांना कंपनीच्या मोठ्या साहेबांनी शुक्रवारी घरी पाठवलं आणि आज सकाळी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, मुख्य दालनाचा स्लॅब मार्चच्या शेवटच्या शनिवारी भरून झाला पाहिजे. रुग्णालयवाले आता थांबणार नाहीत. झाला, तर पुढचे सगळे मजले आपले आणि ही खुर्ची कायमची तुमची. नाही झाला, तर दोन्ही गेलं."

मी म्हटलं, होईल. जरा विचार करून बोलायला हवं होतं. पण विचार करत बसणाऱ्यांना अशी कामं मिळत नाहीत.

साइट ऑफिसात भिंतभर लोखंडी फळा आहे. प्रत्येक ठेकेदाराची एक ओळ, ओळीत लोहचुंबकाची चकती. काम ठरल्याप्रमाणे चाललं असेल तर हिरवी, अडलं असेल तर लाल. आज फळा पाहिला तर गोवर आल्यासारखा लालेलाल! आधीचे साहेब एकेका लाल चकतीपाशी म्हणे अर्धी सकाळ घालवायचे. का अडलं, कुणामुळे अडलं, बसा, पाणी घ्या. ही मीटिंग की समाचाराला आलेली मंडळी? मी त्यांचं नाव ठेवलंय रडके साहेब.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण लोक बोलणारच. शटरिंगचं काम खारूकडे आहे. म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि त्यांच्याखालचे लोखंडी टेकू, हे सगळं त्याचं. खारू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी सदा झाडावर, म्हणून आईने ठेवलेलं नाव. त्याचं हे पहिलंच मोठं काम, आणि ते त्याला मी यायच्या आधी मिळालंय. माझ्या वशिल्याने नाही. साइटवर तो मला मॅडम म्हणणार, असं आम्ही ठरवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मीटिंग उभ्याने. खुर्च्या बाहेर काढल्या. आणि नवा नियम: जो लाल चकती लावेल त्याने सगळ्यांना मावशींचा चहा पाजायचा. मावशींची टपरी फाटकालाच आहे. सगळे खो खो हसले.

पहिला बकरा कोण? आमचे खारूशेठ! भाड्याने मागवलेले टेकू यायला उशीर होतोय म्हणून लाल. मी म्हटलं, "घ्या! घरातूनच सुरुवात. आमचं हे शेंडेफळ पहिल्यापासून असंच. शाळेच्या दारातसुद्धा भोकाड पसरायचं." हसून हसून पाइपवाल्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खारू हसत हसतच चहा सांगायला गेला, पण कान लाल झाले होते. बिचारा लाजला.

चहा मात्र फक्कड होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाल चकत्या भराभर गळायला लागल्यात. लिफ्टवाला गेल्या आठवड्यात चहा पाजून पाजून कंटाळला, आज त्याचं हिरवं. पाइपवाले काका अजून कुरकुरतात. वय झालंय त्यांचं, सगळ्यात खोट दिसते. आज म्हणाले, तळघरात अमुक अडचण, तमुक अडचण. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "काका, अडचण मलाही दिसते, दोन डोळे आहेत. उत्तर घेऊन या, मग तोंड उघडा." गप्प बसले.

जरा जास्त बोलले का? वडिलांच्या वयाचा माणूस. पण मऊ लागलं की कोपराने खणतात, हे मी वीस वर्षं बघतेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज पूर्ण फळा हिरवागार! फोटो काढून मोठ्या साहेबांना पाठवला. त्यांनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला. आधीच्यांना म्हणे दोन वर्षांत एकही अंगठा आला नव्हता.

फाटकात मावशींनी अडवलं. "बाई, तुम्ही आल्यापासून माझा धंदा बसला की हो. आधीचे साहेब होते तेव्हा किटली खाली ठेवायला फुरसत नसायची."

मी म्हटलं, "मावशी, अडचणीच संपल्या, त्याला मी काय करू? आता भजी तळा." खूप हसले. त्या नाही हसल्या. धंद्याचं दुःख.

२ मार्च, रविवार

घरात मोठा विनोद झाला. मिक्सर सापडेना. आई म्हणाली, शेजारणीने नेलाय. शेजारणीकडे गेले तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कळलं, मिक्सर कधीचाच जळालाय आणि आई नि माझा नवरा दोघांनी गुपचूप दुरुस्तीला टाकलाय. मी म्हटलं, अहो, सांगायचं ना! आई म्हणाली, "तू चिडली असतीस." मी काय वाघ आहे का? तर नवरा म्हणतो, "वाघ बरा. तो पोट भरलं की गप्प बसतो."

आता या माणसाशी मी सोळा वर्षं संसार केलाय.

संध्याकाळी खारू जेवायला आला होता. पानात नुसतंच चिवडत बसला. म्हणाला, "ताई, एक बोलायचं होतं."

"कामाचं?"

"हो."

"मग उद्या सकाळी फळ्यापाशी. घरात कामाचं बोललो की मी बहीण राहत नाही आणि तू भाऊ राहत नाहीस."

वाक्य मला स्वतःलाच आवडलं. तो बरं म्हणाला. तो गेल्यावर आई म्हणाली, पोरगं वाळलंय. आईला ते जन्मल्यापासून वाळलेलंच दिसतं.

३ मार्च, सोमवार

खारूची चकती हिरवीच. म्हणजे काही विशेष नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

दालनाचं काम आता अंगावर आलंय. दालन उंच आहे, त्यावरचा स्लॅब जाड आणि वजनाला भयंकर. त्याच्या फळ्यांचे टेकू उभे राहणार तळमजल्याच्या जमिनीवर, आणि ती जमीन म्हणजे तळघराचं छत. एकट्याच्या बळावर एवढं ओलं ओझं ते पेलणार नाही, म्हणून तळघरातही खाली टेकूंच्या रांगा ठेवल्यात. वरचं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्या रांगांना कुणी बोट लावायचं नाही. कॉलेजातलं पोरसुद्धा हे सांगेल. आमच्या तपासणीच्या इंजिनिअरने, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तळघर मागच्याच महिन्यात तपासून सही केलीय. ती एक काळजी मिटली.

मला भीती आहे ती फक्त तारखेची. रात्री अंथरुणावर पडलं की छातीवर तोच शनिवार येऊन बसतो.

१२ मार्च, बुधवार

काकांचा तळघरातला मोठा पाइप अजून तसाच. चकती हिरवी लावतात आणि पाइप दिसत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं! आज पकडलंच. ते पुटपुटले, "मॅडम, तिथे मध्ये जागाच नाही हो, ते मधले..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मग जागा करून घ्या. मी काय तुमच्यासाठी तळघर रुंद करू? लावताय का लाल? पाजताय का चहा?"

काकांनी खारूकडे पाहिलं, खारूने जमिनीकडे. "करतो," म्हणाले.

१८ मार्च, मंगळवार

पाइप झाला! काकांनी जागा करून घेतली म्हणे. बघा, माणसाला थोडं रेटलं की होतं. नऊ मजली इमारत उभी करायला लागतं काय? सिमेंट, लोखंड, आणि एक खमका माणूस. तिसरी गोष्ट आधी नव्हती, म्हणून सगळं रखडलं होतं.

तळघरात उतरून पाइप बघून यायला हवं होतं. पण मोठ्या साहेबांचा फोन आला, मग लोखंडवाला आला, मग राहूनच गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

दालनाचं शटरिंग उभं राहिलं. काय देखणं दिसतं! टेकूंचं जंगल नुसतं. चष्म्याने दिवसभर फिरून एक न् एक टेकू तपासला, सगळं चोख. त्याने जाता जाता खारूला विचारलं, "भाड्याचा माल तर अजून आलेला नाही ना? मग एवढे टेकू आणलेस कुठून?"

खारू म्हणाला, "जुळवले."

जुळवले! मला हाच शब्द हवा असतो. रडत बसला नाही, जुळवले. सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. म्हटलं, याला म्हणतात काम. त्याने मान वर केली नाही. लाजाळू तो लाजाळूच.

२७ मार्च, गुरुवार

परवा शनिवार. पंप ठरला, काँक्रीटच्या गाड्या ठरल्या, मोठे साहेब रुग्णालयाच्या लोकांना घेऊन बघायला येणार. फळा सलग हिरवा. काहीही कमी नाही. मग झोप का येत नाही?

दुपारी खारूचा फोन. समोरच्या दालनात उभा राहून फोन करतोय, खिडकीतून दिसत होता. म्हणाला, "मॅडम, शनिवार थोडा पुढे ढकलता येईल का? सहज विचारतो."

माझं डोकंच फिरलं. "सहज? रुग्णालयवाल्यांना काय सांगू, आमच्या शेंडेफळाला सहज वाटलं म्हणून? काही अडलंय का? अडलं असेल तर ये आणि फळ्यावर लाल लाव. आहे हिंमत?"

खिडकीतून तो मला दिसत होता, फोन कानाला लावून नुसता उभा. मग म्हणाला, "नाही, नाही. सहजच."

असल्या सहजने माणसाचं रक्त आटतं. स्वतःचा पहिला मोठा स्लॅब आहे, घाबरलाय. मीही घाबरलेच होते माझ्या पहिल्या वेळी. उद्या त्याच्याशी दोन शब्द नीट बोलेन.

२८ मार्च, शुक्रवार

बोलणं झालं नाही. पळापळ.

२९ मार्च, शनिवार

सगळे जिवंत आहेत. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सकाळी पंप सुरू झाला. गाडीमागून गाडी येत होती, दालनाच्या एका टोकाकडून काँक्रीट पुढे सरकत होतं. मोठे साहेब आले, त्यांच्याबरोबर रुग्णालयाची मंडळी, डोक्यावर नवीकोरी हेल्मेटं. मी वर स्लॅबवर. सगळे होते, खारू तेवढा नव्हता. स्वतःच्या स्लॅबच्या दिवशी! त्याच्या मुकादमाला विचारलं, "कुठाय तुमचा मालक?"

त्याने दुसरीकडे बघत सांगितलं, "खाली आहेत."

"खाली काय करतोय?"

"बघतायत."

फोन लावला, उचलला नाही. मी मनात शिव्या घातल्या. दाताखाली खडा यावा तसा राग. पाहुण्यांना घेऊन ऑफिसात आले आणि फळा दाखवायला लागले. हिरवं, हिरवं, हिरवं. मोठे साहेब खुशीत होते. म्हणाले, "पाहिलंत? माणूस बदलला की काम बदलतं."

तेवढ्यात खारू दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मोठा हातोडा, तोंड सिमेंटने पांढरं. कुणाकडे न बघता फळ्यापाशी गेला. स्वतःची हिरवी चकती काढली. लाल शोधायला लागला, सापडेना. लाल चकत्या कुणी वापरतच नव्हतं ना, मीच त्या खालच्या खणात टाकून दिल्या होत्या. त्याने तिन्ही खण उपसले, एक लाल काढली आणि लावली.

मी काय केलं? हसले. पाहुण्यांना म्हटलं, "चला, आज चहा आमच्या शटरिंगवाल्यांकडून." तेही हसले.

खारू म्हणाला, "ताई, पंप बंद कर."

साइटवर तो मला कधीच ताई म्हणाला नव्हता.

मी म्हटलं, "अर्ध्याहून जास्त भरलाय. आत्ता थांबवला तर भरलेलं सगळं फोडावं लागेल. काय असेल ते बाहेर जाऊन बोलू."

"बाहेर नको. इथेच. तळघरातली मधली रांग नाहीये. काकांचा पाइप जाईना म्हणून काढली, आणि माझ्याकडे टेकू कमी होते म्हणून मी ते वर लावले. पाइप झाला की परत लावू म्हटलं होतं, पण भाड्याचा माल आलाच नाही. मी सकाळपासून खाली लाकडं ठोकतोय. छत वाकतंय, ताई."

वर पंपाची घरघर चालूच होती.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही, पण इथे खोटं लिहिलं तर मग खरं लिहायचं कुठे? मी लगेच बंद करा म्हटलं नाही. मी आधी मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तारखेकडे. आणि माझ्या भावाला विचारलं, "तुझी खात्री आहे का?"

त्याने हातोडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तू खाली चल."

जिना उतरताना पहिल्यांदा आवाज ऐकला. सुकं लाकूड मोडल्यासारखा. तळघरात मध्ये सगळं मोकळं. जिथे टेकूंची रांग हवी तिथे काकांचा पाइप, नवा, चकचकीत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खारूने ठोकलेले ओबडधोबड वासे. छत मध्ये पोटासारखं खाली आलं होतं. वाशांखालच्या पाचरी बाहेर सरकत होत्या. खाली एकही माणूस नव्हता. आपली सगळी माणसं त्याने सकाळीच वर पाठवून दिली होती, आणि एकटा इथे ठोकत बसला होता.

मी ओरडत वर धावले. जिना कसा चढले आठवत नाही. "पंप बंद! उतरा! सगळे खाली उतरा, मागच्या अंगाने!" कुणीतरी म्हणालं, पंपाच्या पाइपात माल आहे. मी म्हटलं, गेला खड्ड्यात तुझा माल, उतर! खारू दुसऱ्या बाजूने एकेकाला दंडाला धरून ओढत होता.

शेवटचा माणूस रस्त्यावर आला आणि दालन बसलं. फार मोठा आवाज झाला नाही. आधी मधली जमीन गेली, मग टेकूंचं ते जंगल आडवं झालं, आणि वरचं ओलं काँक्रीट त्यांच्यावर. मग नुसती धूळ.

मुकादमाने नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक जण ओ देत होता. सगळ्यात शेवटी त्याने खारूचं नाव घेतलं. ओ आली नाही. पुन्हा घेतलं. मी त्या धुळीकडे पळायला लागले तर मागून कुणीतरी माझी ओढणी घट्ट धरली. खारूच होता. ओ द्यायला तोंड उघडत होता, आवाजच फुटत नव्हता.

३० मार्च, रविवार

आई माझ्या उशाशी बसून राहिली, लहानपणी ताप आल्यावर बसायची तशी.

आधीच्या साहेबांना फोन केला. का केला, माहीत नाही. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "कुणाला लागलं का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "टेकू कमी पडतायत, हे तो पोरगा जानेवारीपासून सांगत होता. मी वर कळवत होतो. वर कुणाला लाल आवडत नाही हो." पुढे काही टोमणा मारतील असं वाटलं, पण नाही मारला. मी त्यांना काय नाव ठेवलं होतं ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ मार्च, सोमवार

मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं. कंपनीला कागदावर कारण हवंय आणि कारणाला एक नाव हवंय. म्हणाले, "मॅडम, सरळ आहे. टेकू हलवले कुणी? तुमच्या भावाने. त्याचं नाव जाऊ द्या. तुम्ही वेळेवर पंप थांबवलात, असं मी लिहितो. खुर्ची राहील."

खुर्ची. मोडक्या चाकाची.

मी म्हटलं, "त्याने हलवले, ते लिहा. मी झाकणार नाही. काकांनी सांगितलं नाही, तेही लिहा. चष्म्याने तळघर पुन्हा पाहिलं नाही, आणि मीही पाहिलं नाही, तेही. पण वेळेवर पंप मी थांबवला नाही, साहेब. तुम्ही तिथेच होता. तो थांबवा म्हणत होता आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. लाल लावणाऱ्याला दंड हा नियम माझा. पहिलं नाव माझं लिहा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हिरव्या फोटोवर मीही अंगठे पाठवत होतोच." पण ते लिहितो, असं काही म्हणाले नाहीत. शेवटी सांगितलं, रुग्णालयवाले ठरवेपर्यंत काम तुमच्याकडेच, कारण आत्ता इथे यायला दुसरा कुणी तयार नाही.

एवढ्या सगळ्यात मला त्याचं हसू आलं.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी मीटिंग. खुर्च्या परत आत आणल्या. फळ्यावर सगळ्यांच्या ओळी होत्या, माझी कधीच नव्हती. आज सगळ्यात वर माझी ओळ लिहिली आणि पुढे लाल लावली. म्हटलं, "ही माझी. माणसं मला घाबरून खोटं हिरवं लावतात, ही या साइटवरची सगळ्यात मोठी अडचण. उत्तर माझ्याकडे नाही. आजपासून चहा रोज माझ्याकडून, आणि ज्याचं लाल त्याला पहिला कप."

कुणी हललं नाही. लिफ्टवाला बुटाकडे बघतोय, चष्मा काच पुसतोय. मला वाटलं, गेलं. दुधाने तोंड पोळलेली माणसं, माझ्या एका भाषणाने थोडीच विश्वास ठेवणार?

मग पाइपवाले काका उठले. सावकाश फळ्यापाशी गेले आणि स्वतःची हिरवी काढून लाल लावली. "मागच्या अंगाच्या सांडपाण्याच्या पाइपाचा उतार चुकलाय. कधीचाच." खाली बसले आणि माझ्याकडे बघत राहिले, आता ही काय बोलते म्हणून.

मी उठून त्यांना कप दिला. थोडा बशीत सांडला.

मग लिफ्टवाला उठला. मग वायरिंगवाला. मग चष्मा, त्याची तर दोन कामं निघाली. एकेक ऐकताना दोनदा तोंडावर आलेलं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. खारूने शेवटी लावली. त्याला वाटलं लाल संपल्या असतील, पण मी बाजारातून नवी पिशवीभर आणून ठेवल्या होत्या.

मावशी दुसरी किटली घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, दूध संपलं. आता काळा चालेल का?"

रात्रीचं जेवण खारूने आमच्याकडेच केलं. आईने ताटं वाढली. मीच विचारलं, "कामाचं काही बोलायचंय का?"

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "कामाचं नाही. शनिवारचं."

"बोल."

"मी सकाळपासून त्या छताखाली होतो, ताई. पाचरी सुटताना दिसत होत्या. मला तिथे भीती नाही वाटली. ऑफिसात येऊन तुला सांगायची वाटली. दोनदा जिना चढून दारापर्यंत आलो आणि परत खाली गेलो."

नवऱ्याने मान खाली घातली. आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही. त्या छताखाली माझा भाऊ दोनदा परत गेला, आणि ते माझ्या भीतीने.

थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, "आता बोलतोच आहोत तर सांगते. न्हाणीघरातला नळही गळतोय."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "कधीपासून?"